आकार ओळखा, घडण काढा, मग पत्रा कापा

शेतकरी बाजारातून जे सामान आणतो, त्यातील पुष्कळसे सपाट असते. पत्रा सपाट असतो, ताडपत्री सपाट असते, शेततळ्यात अंथरावयाचा प्लॅस्टिकचा कागद सपाट असतो, बांबूचे तट्टेही सपाटच असते. परंतु या सामानापासून त्याला जे करावयाचे असते ते मात्र पोकळ व खोलगट असते. धान्याची कोठी, पाण्याची डोण, चाळीचे छप्पर, शेततळ्याचे अस्तर या साऱ्या वस्तूंना लांबी, रुंदी आणि उंची (किंवा खोली) अशी तिन्ही मापे असतात. सपाट सामान आणि पोकळ वस्तू यांमधील हिशेब चुकला म्हणजे पत्रा अपुरा पडतो, कागद काठापर्यंत पोहोचत नाही, किंवा नको तितके सामान विकत घेतले जाते. या चुकीची किंमत पैशांत, धान्यात आणि पाण्यात मोजावी लागते.

ही चूक टाळण्याचे साधन फारसे अवघड नाही. शाळेच्या पाचव्या इयत्तेत ज्यास ‘घडण’ म्हणतात, तेच ते साधन होय. आकार कोणता हे ओळखणे, तो उलगडल्यावर सपाट जागेवर कसा दिसेल हे कागदावर काढणे, आणि त्यानंतरच कातर हाती घेणे, एवढा हा धडा आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी तो स्वतः करून पाहावा आणि मग शेतकऱ्यांना करून दाखवावा.

१. आकारांची ओळख

घन आकार ओळखताना तीन गोष्टी पाहाव्यात. वस्तूच्या प्रत्येक बाजूच्या पृष्ठभागास ‘पृष्ठ’ म्हणतात. दोन पृष्ठे जेथे मिळतात ती रेषा म्हणजे ‘कड’. कडा जेथे एकत्र येतात तो कोपरा म्हणजे ‘शिरोबिंदू’. या तिहींची मोजदाद केली की बहुतेक आकारांची जात कळते.

इष्टिकाचिती : विटेचा आकार. पृष्ठे ६, कडा १२, शिरोबिंदू ८. साबणाच्या वडीचे खोके, नाडेप खताचे टाके व सिमेंटचा चौकोनी हौद ही याची उदाहरणे होत. सर्व कडा सारख्या असल्या म्हणजे या आकारास ‘घन’ म्हणतात.

त्रिकोणी चिती : दोन पाखी छपराचा आकार. पृष्ठे ५, त्यांपैकी २ त्रिकोण व ३ आयत. कडा ९, शिरोबिंदू ६.

चतुष्कोनी सूची : तळ चौकोनी व वर एकच टोक. पृष्ठे ५, कडा ८, शिरोबिंदू ५. हिचे टोक आडवे छाटून ती उलटी धरली की शेततळ्याचा आकार मिळतो. अशा छाटलेल्या सूचीस वरचा चौकोन नव्याने मिळतो व तिची पृष्ठे ६, कडा १२ आणि शिरोबिंदू ८ होतात.

वृत्तचिती : पत्र्याच्या गोल कोठीचा किंवा पिंपाचा आकार. दोन सपाट वर्तुळे आणि त्यांना जोडणारे एक वक्र पृष्ठ.

शंकू : नरसाळ्याचा किंवा खळ्यावरील धान्याच्या राशीचा आकार. शंकूचे टोक छाटले म्हणजे बादलीचा आकार होतो.

गोल : चेंडूचा आकार. यास सपाट पृष्ठ नाही, कड नाही आणि शिरोबिंदूही नाही.

सपाट पृष्ठांच्या वर सांगितलेल्या आकारांत एक नियम आढळतो. शिरोबिंदू आणि पृष्ठे यांच्या बेरजेतून कडा वजा केल्या की उत्तर २ येते. विटेसाठी ८ अधिक ६ वजा १२, छपरासाठी ६ अधिक ५ वजा ९, सूचीसाठी ५ अधिक ५ वजा ८. प्रत्येक वेळी २ हेच उत्तर. मोजताना एखादी कड सुटली आहे की काय हे पाहण्यास हा पडताळा उपयोगी पडतो. तो ऑयलर या गणितज्ञाच्या नावाने प्रसिद्ध आहे.

२. घडण म्हणजे काय?

साबणाच्या वडीचे रिकामे खोके घ्यावे. त्याच्या काही कडा ब्लेडने कापून ते जमिनीवर पूर्ण उलगडावे, पण एकही पृष्ठ सुटे होऊ देऊ नये. जमिनीवर जी सहा आयतांची जोडलेली आकृती दिसते, ती त्या खोक्याची घडण होय. हीच आकृती पुठ्ठ्यावर आखून, कापून व दुमडून पुन्हा तसेच खोके तयार होते. (या कामासाठी कीटकनाशकांची रिकामी खोकी किंवा पुडे कदापि वापरू नयेत.) जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याने १५२५ साली प्रसिद्ध केलेल्या मापनविषयक ग्रंथात घन आकारांच्या अशा उलगडलेल्या आकृत्या काढून दाखविल्या आहेत.

एकाच वस्तूच्या घडणी अनेक असू शकतात, परंतु जोडलेल्या चौकोनांची प्रत्येक आकृती ही घडण नसते. सहा समान चौरस कडेला कड लावून एकूण ३५ निरनिराळ्या प्रकारे मांडता येतात. त्यांपैकी केवळ ११ मांडण्या दुमडल्यावर घन तयार होतो. उरलेल्या २४ मांडण्यांत एका पृष्ठावर दुसरे पृष्ठ चढते आणि कोठेतरी भोक उरते. पत्रा तितकाच, तुकडेही सहाच, तरीही पेटी होत नाही. केवळ क्षेत्रफळ जुळले म्हणजे काम झाले असे नव्हे, हा या धड्याचा पहिला बोध होय.

आखलेली घडण बरोबर आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी तीन प्रश्न विचारावेत. पृष्ठांची संख्या पुरी आहे काय? दुमडल्यावर ज्या दोन कडा एकमेकींस भिडणार त्यांची लांबी अगदी सारखी आहे काय? एकावर एक चढणारी पृष्ठे नाहीत ना? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ठीक आली तरीही कागदाचा लहान नमुना दुमडून पाहावा. हात जे सांगतात ते डोळ्यांच्या अंदाजापेक्षा अधिक विश्वसनीय असते.

घडणीवरून सांधे किती येतील हेही कळते. बंद खोक्याच्या १२ कडांपैकी ५ कडा नुसत्या दुमडतात व ७ कडा सांधाव्या लागतात. हीच पेटी सहा सुट्या तुकड्यांची केली तर बाराही कडा सांधाव्या लागतील. पाणी गळते ते बहुधा सांध्यातून आणि किडे धान्यात शिरतात तेही सांध्यातूनच. सबब, शक्य तेवढी वस्तू एकाच घडणीतून दुमडून करावी.

३. उघडी पेटी : पाण्याची डोण आणि खताचे टाके

उघड्या पेटीस पाचच पृष्ठे असतात. जनावरांना पाणी पाजण्यासाठी पत्र्याची डोण करावयाची असल्यास आयताकृती पत्र्याच्या चारही कोपऱ्यांतून सारखे चौरस कापून काढावेत आणि उरलेल्या चार बाजू उभ्या दुमडाव्यात. चार कोपऱ्यांचे चारच सांधे येतात.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पत्रा १२० × ९० सेंटिमीटर आहे असे धरू. कोपऱ्यांतून १० सेंटिमीटरचे चौरस कापले तर डोण १०० × ७० × १० सेंटिमीटरची होते आणि तीत ७० लिटर पाणी मावते. १५ सेंटिमीटरचे चौरस कापले तर ती ९० × ६० × १५ सेंटिमीटरची होऊन ८१ लिटर पाणी मावते. २० सेंटिमीटरचे कापले तर माप ८० × ५० × २० सेंटिमीटर होते आणि ८० लिटर मावते. म्हणजे पत्रा तोच असूनही कोठे दुमडले यावर भांड्याची धारणशक्ती ठरते. कातर लावण्यापूर्वी पाटीवर एवढा हिशेब करून पाहणे केव्हाही हिताचे.

विटांच्या टाक्यात पत्र्याप्रमाणे दुमडण्याचा प्रश्न नसतो. तेथे दुसरी अडचण असते, ती भिंतीच्या जाडीची. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ हे नाव पडलेल्या कंपोस्ट पद्धतीत टाक्याचे आतील माप सामान्यतः १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच धरतात. भिंत ९ इंच जाडीची असते. म्हणजे बाहेरील माप साडेअकरा फूट × साडेसात फूट होते आणि जमिनीवर दोरी याच मापाने लावली पाहिजे. दोरी १० × ६ फुटांची लावून तिच्या आतल्या बाजूस भिंत बांधली तर आत केवळ साडेआठ × साडेचार फूट जागा उरते. पहिल्या टाक्यात १८० घनफूट माल मावतो, तर दुसऱ्यात सुमारे ११५ घनफूटच. एक तृतीयांशाहून अधिक खत केवळ दोरी चुकीच्या जागी लावल्याने कमी होते.

४. छप्पर : त्रिकोणी चिती

कांद्याच्या चाळीवर किंवा गोठ्यावर दोन पाखी छप्पर घालताना पत्रे किती लागतील याचा अंदाज पुष्कळदा जमिनीच्या मापावरून केला जातो. ही रीत बरोबर नाही. छप्पर ही आडवी पडलेली त्रिकोणी चिती आहे. तिच्या पाच पृष्ठांपैकी तळाचा आयत म्हणजे जमिनीचे माप. पत्रे लागतात ते वरच्या दोन तिरप्या आयतांना.

चाळीची रुंदी ४ मीटर आणि लांबी १२ मीटर असून आढे भिंतीच्या माथ्यापासून दीड मीटर उंच आहे असे समजू. अर्धी रुंदी २ मीटर व उंची दीड मीटर यांचा काटकोन त्रिकोण होतो. त्याची तिरपी बाजू अडीच मीटर येते. म्हणून प्रत्येक पाखे १२ × अडीच, म्हणजे ३० चौरस मीटर आणि दोन्ही मिळून ६० चौरस मीटर होतात. जमीन मात्र ४८ चौरस मीटरच आहे. वळचणीसाठी पुढे आलेला भाग आणि पत्र्यावर पत्रा चढविण्यासाठी लागणारी पट्टी यांचा हिशेब याहून निराळा करावा.

५. धान्याची कोठी : वृत्तचिती

पत्र्याची गोल कोठी उलगडली तर तीन तुकडे दिसतात : तळाचे वर्तुळ, माथ्याचे वर्तुळ आणि अंगाचा आयत. या आयताची एक बाजू कोठीच्या उंचीइतकी, तर दुसरी कोठीच्या परिघाइतकी असते. ही दुसरी बाजू विसरली जाते म्हणूनच बहुतेक चुका होतात. परीघ काढताना व्यासाला केवळ ३ ने गुणू नये. व्यासाला २२ ने गुणून ७ ने भागावे आणि शिवणीसाठी २ सेंटिमीटर अधिक धरावेत.

उदाहरणार्थ, ७० सेंटिमीटर व्यासाची व १०० सेंटिमीटर उंचीची कोठी घेऊ. परीघ २२० सेंटिमीटर येतो. (७० ला ३ ने गुणले असते तर २१० आले असते आणि अंगाचा पत्रा तळाभोवती १० सेंटिमीटर अपुरा पडला असता.) कोठीत ३८५ लिटर जागा होते. गव्हाचे वजन घनमीटरास सुमारे ७५० ते ८०० किलो भरत असल्याने अशा कोठीत अंदाजे ३ क्विंटल गहू मावतो.

आता पत्रा किती लागेल? अंगासाठी २२० × १०० म्हणजे २२,००० चौरस सेंटिमीटर. एका वर्तुळाचे क्षेत्रफळ ३,८५०, दोहोंचे ७,७००. एकूण २९,७०० चौरस सेंटिमीटर. बाजारातील ८ × ४ फुटी पत्रा सुमारे २४४ × १२२ सेंटिमीटरचा असतो आणि त्याचे क्षेत्रफळ २९,७६८ चौरस सेंटिमीटर भरते. केवळ आकडे पाहणारा मनुष्य म्हणेल की एक पत्रा पुरेल. परंतु घडण पत्र्यावर मांडून पाहिली की खरा प्रकार कळतो. अंगाचा आयत कापल्यावर एका बाजूस सुमारे २४ सेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूस सुमारे २२ सेंटिमीटर रुंदीची पट्टी उरते. तीतून ७० सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ निघणे शक्य नाही. दुसरा पत्रा घेतलाच पाहिजे. क्षेत्रफळ जुळूनही सामान अपुरे पडण्याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

कोठीबाबत आणखी एक गोष्ट. २२० × १०० सेंटिमीटरचा तोच पत्रा उलट दिशेने वळविला, म्हणजे परीघ १०० आणि उंची २२० सेंटिमीटर ठेवली, तर उंच व अरुंद नळकांडे तयार होते. त्यात सुमारे १७५ लिटरच जागा असते. पहिल्या कोठीत याच्या सव्वादोनपटीच्या जवळपास धान्य मावते. बांबूच्या तट्ट्याची कणगी वळवितानाही हाच नियम लागू पडतो. अंगाचा पत्रा किंवा तट्टे तेवढेच असताना लांब बाजू परिघास दिल्यास धान्य अधिक मावते. मात्र तळ मोठा होत असल्याने घरातील जागा आणि तळासाठी लागणारा पत्रा यांचाही विचार केला पाहिजे.

६. शंकू : झाकण आणि रास

ओसरीत ठेवलेल्या कोठीवर पावसाचे शिंतोडे पडत असतील तर तिच्यावर उतरते झाकण असणे चांगले. शंकूची घडण म्हणजे पूर्ण वर्तुळ नव्हे. वर्तुळातून पाचरीएवढा भाग काढल्यावर जी ‘वर्तुळपाकळी’ उरते ती होय. तिची त्रिज्या शंकूच्या तिरकस उंचीइतकी आणि तिच्या कमानीची लांबी तळाच्या परिघाइतकी असते.

वरील कोठीसाठी तळाची त्रिज्या ३५ सेंटिमीटर आहे. झाकणाची उंची १२ सेंटिमीटर ठेवली तर तिरकस उंची ३७ सेंटिमीटर येते, कारण ३५ व १२ यांच्या वर्गांची बेरीज ३७ च्या वर्गाइतकी होते. म्हणून ३७ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ आखावे. त्याचा परीघ सुमारे २३२.६ सेंटिमीटर होतो. हवा आहे २२० सेंटिमीटर. तेव्हा कडेवर १२.६ सेंटिमीटर मोजून तेथून मध्यबिंदूपर्यंत दोन रेषा आखाव्यात. हा पाचरीचा भाग होय. शिवणीसाठी त्यातील २ सेंटिमीटरची पट्टी राखून बाकीचा कापावा आणि दोन्ही कडा जुळवाव्यात. उतरते झाकण तयार होते. कोठीसाठी आणलेल्या दुसऱ्या पत्र्याच्या २४४ सेंटिमीटर लांबीत तळ, माथा आणि हे झाकण यांची तिन्ही वर्तुळे दुमडीच्या पट्टीसह एका ओळीत बसतात. दुसरा पत्रा वाया जात नाही, हेही घडण मांडल्यावरच दिसते.

खळ्यावर ओतलेली धान्याची रासही शंकूच्या आकाराची असते. भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त राशीचे माप काढण्याची रीत दिली आहे. राशीच्या परिघाचा सहावा भाग घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि त्यास उंचीने गुणावे. उंची मोजता येत नसेल तर ती जाड दाण्याच्या धान्यात परिघाचा दहावा भाग, बारीक दाण्यात अकरावा भाग आणि कुसळाच्या धान्यात नववा भाग धरावी. दाणा जितका गुळगुळीत व बारीक तितकी रास पसरट बसते, हे निरीक्षण त्यामागे आहे. या तीन प्रमाणांवरून राशीच्या उताराचे कोन अनुक्रमे सुमारे ३२, ३० आणि ३५ अंश येतात.

हरभऱ्याच्या राशीचा परीघ ९ मीटर भरला असे समजू. सहावा भाग दीड, त्याचा वर्ग सव्वादोन आणि उंची ०.९ मीटर. गुणाकार २.०२ घनमीटर येतो. या रीतीत परीघ व्यासाच्या ३ पट धरलेला आहे. खुद्द भास्कराचार्यांनी अन्यत्र २२/७ आणि ३९२७/१२५० ही सूक्ष्म प्रमाणे दिली आहेत. सूक्ष्म प्रमाणाने हीच रास १.९३ घनमीटर भरते. फरक लहान दिसतो, परंतु वजनात तो ६५ ते ७० किलोचा होतो. म्हणून ही रीत खळ्यावरील झटपट अंदाजासाठी वापरावी; व्यवहार मात्र काट्यावरील वजनानेच करावा.

हीच रास रात्री अवकाळी पावसापासून झाकावयाची असेल तर ताडपत्री केवढी हवी? राशीचा व्यास २.८६ मीटर आहे, म्हणून ३ × ३ मीटरची ताडपत्री पुरेल असे वाटते. परंतु ताडपत्री व्यासावर नव्हे, तर उतारावर पसरते. राशीची तिरकस उंची १.६९ मीटर आहे आणि ३ मीटरच्या ताडपत्रीचा मध्य टोकावर ठेवला तर बाजूंच्या मध्यावर ती दीड मीटरच पोहोचते. तेथे पायथ्याचा १९ सेंटिमीटर भाग उघडा राहतो आणि पाणी नेमके पायथ्याशीच साचते. येथे निदान ४ × ४ मीटरची ताडपत्री घ्यावी, म्हणजे कडा जमिनीवर दाबूनही ठेवता येतात.

७. शेततळ्याचे अस्तर : छाटलेली सूची

सर्वांत मोठा खर्च आणि सर्वांत मोठे नुकसान जेथे संभवते ते काम म्हणजे शेततळ्याचे अस्तरीकरण. महाराष्ट्रात २०१६ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेतील मोठ्या तळ्याचे माप ३० × ३० × ३ मीटर होते. तेच उदाहरण घेऊ. बाजूंचा उतार किती ठेवावा हे जमिनीच्या प्रकारावर ठरते. येथे हिशेबासाठी एकास एक, म्हणजे १ मीटर खोलीस १ मीटर आडवे, असा धरला आहे. ३ मीटर खोलीस प्रत्येक बाजूने ३ मीटर आत येऊन तळ २४ × २४ मीटरचा होतो. उताराची तिरपी लांबी ४.२४ मीटर भरते.

पाणी किती मावेल? वरचे क्षेत्रफळ ९००, तळाचे ५७६ आणि मधल्या पातळीवरील २७ × २७ म्हणजे ७२९ चौरस मीटर. वरचे, तळाचे आणि मधल्याची चौपट यांची बेरीज ४,३९२ येते. तिला ६ ने भागून ३ मीटर खोलीने गुणले की २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर हे उत्तर मिळते. वरच्या मापाला खोलीने नुसते गुणून २७ लाख लिटर पाणी धरणे चुकीचे आहे. त्या भरवशावर उन्हाळ्यातील बाग लावली तर शेवटची पाळी कोरडीच जाईल.

आता कागदाचा विचार करू. तळ्याची घडण काढली तर मध्ये २४ मीटरचा चौरस आणि त्याच्या चारही कडांना एकेक समलंब चौकोन दिसतो. त्याच्या समांतर बाजू २४ व ३० मीटर आणि उंची ४.२४ मीटर असते. तळाचे ५७६ आणि चार बाजूंचे ४५८ मिळून १,०३४ चौरस मीटर होतात. पण कागद घडणीच्या आकारात कापून आणू नये. तो सलग चौरस असावा, म्हणजे कोपऱ्यांत सांधे येत नाहीत. त्याची बाजू २४ अधिक दोन्हीकडचे ४.२४, म्हणजे सुमारे ३२.५ मीटर होते. बांधावरील चरात दाबून टाकण्यासाठी प्रत्येक बाजूस १ मीटर धरल्यास कागद ३४.५ मीटरचा चौरस, म्हणजे सुमारे १,१९० चौरस मीटर लागतो. प्रत्येक कोपऱ्याच्या उतारावर सव्वापाच चौरस मीटरच्या आसपास कागद अधिक उरतो. तो कापू नये. दुमडून नीट चापून बसवावा.

याउलट, “तळे ३० बाय ३० चे, म्हणून कागद ३० बाय ३० चा” असा हिशेब केला तर काय होते ते पाहा. २४ मीटर तळावर गेले. उरलेले ६ मीटर दोन बाजूंस वाटले म्हणजे प्रत्येक उतारावर कागद ३ मीटरच चढतो. उतार मात्र ४.२४ मीटरचा आहे. उभ्या मापाने तो तळापासून २.१२ मीटरवर थांबतो. त्यावरचे पाणी जमिनीत मुरते आणि कागदाच्या मागे शिरून मातीही ढिली करते. अस्तराच्या आत टिकून राहणारे पाणी १,४५० घनमीटरच्या आसपास भरते. २,१९६ घनमीटरच्या तळ्यातील एक तृतीयांश पाणी एका चुकीच्या गुणाकाराने गेले. चरात पुरण्यासाठी काही कागद राखावाच लागत असल्याने प्रत्यक्षातील तोटा याहूनही अधिक असतो.

कागद मागविण्यापूर्वी खोदाई पूर्ण झालेली असावी आणि मापे प्रत्यक्ष तळ्यात उतरून घ्यावीत. आराखड्यातील माप आणि यंत्राने खोदलेले माप यांत फरक पडतो. तळाच्या मध्यावरून एका बांधापासून समोरच्या बांधापर्यंत दोरी उतारास व तळास टेकवून धरली की कागदाची लांबी सरळच मिळते. ही दोरी म्हणजे घडणीचीच एक रेषा होय. दोन्ही दिशांनी ती लावावी.

८. ज्यास घडण नाही असा आकार

गोलाची घडण काढता येत नाही. कागद न फाडता व न चुरगळता चेंडूवर सपाट बसविता येत नाही, हा सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे. जर्मन गणितज्ञ गाउस याने १८२७ साली त्याचे कारण सिद्ध करून दाखविले. वृत्तचिती व शंकू यांची पृष्ठे वक्र असली तरी ती ताण न देता सपाट होतात. गोलाचे पृष्ठ होत नाही. म्हणूनच कुंभार मडके चाकावर घडवितो आणि तांबट हंड्याचा पत्रा ठोकून ठोकून ताणतो.

गोबर गॅसच्या संयंत्रांतही हा भेद दिसतो. तरंगत्या टाकीच्या संयंत्रातील लोखंडी टाकी वृत्तचितीच्या आकाराची असल्याने पत्रा कापून व वळवून करता येते. दीनबंधू संयंत्राचा घुमट गोलाचा भाग असतो; तो विटांनीच रचावा लागतो व त्यासाठी कसलेला गवंडी लागतो. आकार ओळखला की कारागीर कोणता बोलवावयाचा हेही ठरते.

९. धडा कसा द्यावा?

गावातील बैठकीत हा विषय फळ्यावर शिकविण्यापेक्षा हातांनी शिकविणे बरे. जुने पुठ्ठे, कातर, मोजपट्टी, दोरी व भिजविलेली कणीक एवढे साहित्य पुरते. प्रथम खोकी उलगडून दाखवावीत. नंतर शेतकऱ्यांकडून सहा चौरसांच्या निरनिराळ्या मांडण्या कापवून कोणत्या दुमडतात ते पाहावे. कणकेची छाटलेली सूची करून तिच्यावर कागद बसविण्यास सांगावे. कोपऱ्यांत कागद उरतो हे एकदा हाताने अनुभवले की पुन्हा सांगावे लागत नाही. घरातील शाळकरी मुलांना या बैठकीस अवश्य बोलवावे. घडणी त्यांच्या अभ्यासातील असल्याने पुष्कळदा मुलेच वडिलांना समजावून देतात. कोठीतील धान्याची निगा बहुधा स्त्रियांकडे असते. त्यांनाही बैठकीत स्थान असावे.

प्रत्यक्ष कामाच्या वेळी पुढील क्रम पाळावा.

(१) वस्तूचा आकार ओळखावा. तो मिश्र असल्यास त्याचे भाग पाडावेत.
(२) आतील व बाहेरील मापे निरनिराळी लिहावीत.
(३) तिरप्या बाजूची लांबी काढावी. तिच्याऐवजी उभी उंची वापरू नये.
(४) कागदावर घडण काढून प्रत्येक बाजूवर माप लिहावे.
(५) शिवण, दुमड व पुरण्याची पट्टी यांसाठी अधिक माप धरावे.
(६) बाजारातील पत्र्याच्या मापाचा आयत त्याच प्रमाणात आखून घडण त्यावर बसते काय ते पाहावे.
(७) कागदाचा नमुना दुमडून पाहावा.
(८) यानंतरच सामान विकत घ्यावे व कापावे.

या आठ पायऱ्यांपैकी पहिल्या सात पायऱ्यांना कागद, शिसपेन आणि तासभर वेळ एवढाच खर्च येतो. आठव्या पायरीवर मात्र शेतकऱ्याचे रोख पैसे पडतात. कागदावर चुकलेली रेषा खोडता येते, परंतु एकदा कापलेला पत्रा पूर्ववत होत नाही.